उपाशीच आहे, मॅडम

उपाशीच आहे, मॅडम. वजन करायला घेऊन गेल्या त्या सिस्टरांनाही तेच सांगितलं, हाताला पट्टी बांधायला आल्या त्यांनाही तेच सांगितलं, आता तुम्हालाही तेच सांगते — उपाशीच आहे. रात्री जेवला, वाटीभर मऊ भात, त्यातला निम्मा सांडला, त्यानंतर काही नाही. पाणीसुद्धा नाही. आमच्या आईंनी — म्हणजे सासूबाईंनी — पाण्याची बाटली कपाटावर चढवून ठेवली, दिसायला नको आणि मागायला नको. आत्ता त्या खाली कॅन्टीनला गेल्यात, चहा प्यायला. मला म्हणाल्या, तू काही तोंडात घालू नकोस, पोर बघेल आणि मागेल. बरोबरच आहे त्यांचं. त्यांचं सगळं बरोबरच असतं — नाही, तक्रार नाही करत, आपलं बोलले. बोलत राहिलं की मला बरं वाटतं. गप्प बसले की छातीत धडधडतं, आणि मग वाटतं की ते धडधडणं ऐकूनच हा उठेल.

छाती ऐकायची? ऐका की. पण उठवू नका, मांडीवर असाच असू द्या — माझ्या पायाला मुंग्या आल्यात, पाय आहे की नाही ते कळत नाही, तुमच्या औषधाशिवायच बधिर झालाय, पण हलत नाही मी. शाल? शाल असू दे, मॅडम. थंडी वाजते मला. हो, घाम आलाय, मलाही दिसतोय, घामाचीच थंडी वाजते. खिडकी उघडत नाही इथली, मी बघितली ढकलून, रंग लावताना चिकटवून टाकलीय कुणीतरी. तुम्ही ती नळी अशी शालीच्या खालून सरकवा — पोचली? डॉक्टरांचे हात गार असतात असं वाटलं होतं मला. तुमचे बरे आहेत.

साफ आहे ना छाती? ठाऊकच होतं. या खेपेला मी त्याला वाऱ्याला उभंच केलं नाही. मागच्या खेपेला याच खाटेवर बसलो होतो आम्ही, तुमच्या जागी दुसरे डॉक्टर होते, चष्मेवाले, त्यांनी विचारलं, सर्दी-खोकला आहे का, आणि मी म्हटलं, हो, रात्री दोनदा खोकला. निघून गेलं तोंडातून. झालं — ते म्हणाले, आज भूल देता येणार नाही, छाती भरलेली असताना धोका नको, घरी न्या, बरा झाला की आणा. सासूबाई खाटेपासून बसपर्यंत माझ्यापुढं चार पावलं चालत राहिल्या. बस सुटल्यावर म्हणाल्या, तुला कुणी विचारलं होतं? आता विचारलं होतंच की, डॉक्टरांनीच विचारलं होतं, पण ते त्यांना कसं सांगणार. म्हणाल्या, दोन खोकल्यांनी कुणी मरत नाही, सगळी तयारी पाण्यात घातलीस, माझ्या पोराची रजा वाया घालवलीस. पोर म्हणजे आमचे हे. मोठी गाडी चालवतात, लांबची, एकदा गेले की आठवडा आठवडा तोंड दिसत नाही. आज उजाडताना घरी पोचलेत ते, संध्याकाळी परत निघायचं, आत्ता खाली औषधांच्या रांगेत उभ्या उभ्या झोपले असतील. तर या खेपेला आईंनी उंबऱ्यातच बजावलंय — विचारलं तर म्हणायचं, उपाशी आहे, सर्दी नाही, ताप नाही, आणि तोंड बंद. तर उपाशी आहे, सर्दी नाही, ताप नाही. झालं माझं.

गाठ बघायची? आत्ता नाही दिसायची. झोपला की आत जाते, रडला की येते, इथं जांघेत, लिंबाएवढी. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं काहीतरी चावलं. आईंना दाखवली, तर त्या म्हणाल्या — जाऊ दे काय म्हणाल्या ते. मग एका दुपारी ती आत गेलीच नाही. लाल झाली, टणक झाली, आणि हा असा ओरडत होता, मॅडम, की शेजारच्यांनी भिंत वाजवली. इथंच आणला. मोठ्या डॉक्टरांनी, तुमच्या सर्जननी, दाबून दाबून सारली आत. म्हणाले, आतड्याचा तुकडा अडकला होता, बाटलीच्या तोंडात बोट अडकतं तसा. आणि मग माझ्याकडं वळून, माझ्याकडंच, आईंकडं नाही, म्हणाले — हे बघ, ऑपरेशन होईपर्यंत याला फार रडू द्यायचं नाही, जोर लागला की परत अडकेल. तुम्ही डॉक्टर लोक किती सहज सांगता हो. अडीच वर्षांच्या पोराला रडू द्यायचं नाही. पेन मागितलं, द्या. चप्पल चाटली, चाटू द्या. त्या दिवसापासून मी घरात चोरासारखी वावरते. झाकण पडलं की सगळे माझ्याकडं बघतात — मन्या उठेल, रडेल, गाठ येईल. मन्या याचं घरातलं नाव, कागदावर वेगळं आहे. मांजरासारखा दुधावर टपलेला असायचा म्हणून याच्या बाबांनी ठेवलं. तेव्हाचं ते. आता सुटलंय दूध. तर सांगत काय होते — आंघोळीला गेले तरी दारावर थाप पडते माझ्या. किती वेळ, किती वेळ. मन्याला आत घेऊनच जाते मी, तरी थाप.

काय म्हणालात? उपाशी मूल एवढं शांत झोपत नाही? झोपतं की. आमचा झोपतो. शहाणा आहे तो. दमलाय बसमध्ये. आणि — ते ओठ ना? ते असेच हलवतो तो झोपेत. लहानपणची सवय. म्हणजे अजून लहानच आहे म्हणा. माणसं नाही का झोपेत दात खात, आमचे हे तर झोपेत गियर टाकतात, मला लाथ बसते. तसे याचे ओठ. तुम्ही त्याच्याकडं नका बघू ना असं, मॅडम. लिहून घ्या काय लिहायचं ते.

एक विचारू? तुमच्या कोटावर लिहिलंय ना, भूलतज्ज्ञ. मी मघाशी वाचलं आणि मला हसूच आलं, खरं सांगते, अशा वेळी हसू यावं की नाही देव जाणे. सातवीपर्यंत शिकलेय मी, वाचता सगळं येतं, पण भूल म्हणजे आमच्या लेखी चूक. भूलचूक माफ असावी, म्हणतात ना. मला वाटलं, चुका करण्यात तरबेज असलेल्या बाई माझ्याच पोराला कशाला पाठवल्या. मग म्हटलं, अगं वेडे, भूल देतात त्या. हसलात तुम्ही. बरं वाटलं. मागचे चष्मेवाले डॉक्टर हसले नसते. पण ते सांगत मात्र होते छान. मला वाटायचं, भूल म्हणजे सुई टोचली की झोप, संपलं, पुढं सगळं सर्जनचं. ते म्हणाले, नाही, सर्जन कापतील-शिवतील, पण पोर सांभाळणार भूल देणारा. सगळा वेळ याच्या उशाशी बसून राहणार. बोटाला चिमटा लावणार, त्यातून लाल उजेड येतो, रक्तात हवा किती ते दिसतं. ठोका बघणार, श्वास बघणार, थोडी कमी पडली तर थोडी आणखी देणार, जास्त नाही, आणि शेवटी उठवणार. म्हणाले, झोपवण्यापेक्षा उठवण्याकडं आमचं लक्ष जास्त. मी घरी जाऊन तेच सांगितलं यांना, फोनवर. म्हटलं, मी रोज रात्री मन्याच्या नाकाखाली बोट धरून बघते, त्या डॉक्टरांना त्याचाच पगार मिळतो. चेष्टा नाही करत हो. मला धीर आला होता त्यानं. वाटलं, मी बाहेर असले तरी आत कुणीतरी बोट धरून बसलेलं असेल.

झालं? एवढंच? सगळं विचारून झालं तुमचं? मग — हो, अंगठा नाही, सही येते मला. सर्जननाही केली मघाशी. इथं? ही भुलीसाठी वेगळी? वाचू? नाही, असू दे, अक्षरं हलतायत. तुम्ही म्हणता तर ठीकच असेल. ही घ्या. सही कशी वाकडी झाली बघा, हा मांडीवर आहे ना म्हणून.

हे कोण? न्यायला आले? आत्ताच? पहिलाच नंबर आहे आमचा? लहान मुलांना आधी घेतात, बरोबर, उपाशी राहवत नाही त्यांना म्हणून. बरोबर. मामा, थांबा जरा, गाडी जरा तिकडं — चाक करकरतंय तुमचं, उठेल तो. मॅडम, मी येऊ का आतपर्यंत? त्या लाल पट्टीपर्यंतच? मग दाराच्या गोल काचेतून दिसतं का काही? नाही दिसत. बरं. द्यायचा ना याला. देते. देते, मामा, ओढू नका. शाल अडकलीय. शाल नाही अडकली, त्याची मूठ आहे माझ्या शालीत. झोपेत पण घट्ट धरतो. एक मिनिट.

मॅडम, जायच्या आधी एक विचारायचं राहिलं. माझ्यासाठी नाही. ती पलीकडच्या खाटेवरची बाई आहे ना, ती मघाशी विचारत होती, मला काय माहीत, मी म्हटलं मॅडमना विचारून सांगते. तिचं म्हणणं, समजा एखाद्या बाईनं चुकून काही पाजलं पोराला. खायला नाही, पाजलं. अगदी थोडं. तर उपाशी राहायचं ते कशासाठी असतं एवढं? आतडं तर खाली आहे, पोट वर आहे, सर्जन खालीच कापणार ना? — म्हणजे पोटाचा प्रश्न नाही? कशाचा मग? — घशाचा?

थांबा, मामा.

ते चित्र होतं मॅडम आमच्या पुस्तकात. सातवीच्याच. गळ्यात दोन नळ्या, एक अन्नाची, एक हवेची, आणि वर ती झडप, गिळताना हवेची नळी झाकणारी. दहापैकी दहा पडले होते मला त्या धड्यावर. त्यानंतर काही मी फार शाळेत गेले नाही, म्हणून तो लक्षात राहिलाय. तुम्ही म्हणता, भुलीत ती झडपसुद्धा झोपते. खोकला झोपतो. मग पोटात जे असेल ते उलटून वर येतं, आणि हवेच्या नळीतून छातीत उतरतं, आणि पोराला खोकायलाही येत नाही, कारण तो झोपलेला. तुम्ही उशाशी बसलेल्या असलात तरी? तरी तुम्हाला धावाधाव करावी लागते, आणि कधीकधी — नका सांगू पुढचं. कळलं. दूधसुद्धा? दूधसुद्धा. दूध जास्तच वाईट, ते पोटात जाऊन दही होतं. आणि अंगावरचं? नाही, ती विचारत होती. अंगावरचं दूध असलं तर? ते तर औषधच म्हणतात ना.

काय? पलीकडच्या बाईच्या मुलाचं कालच झालं ऑपरेशन? सकाळपासून बिस्किटं खातोय? हो का. खातोय खरं. समोरच खातोय.

मामा, तुम्ही ती गाडी घेऊन जरा बाहेर उभे राहता का. जरा. मॅडम, दार लोटून घ्या ना. आई येतील.

हात लावू नका मला, मी सांगते, आपण होऊन सांगते. मला सगळ्यांनी विचारलं, खायला दिलं का. प्यायला दिलं का. दूध दिलं का, पाणी दिलं का. अंगावर घेतलं का, असं कुणी विचारलंच नाही, मॅडम. एवढ्या मोठ्या पोराच्या आईला कोण विचारणार. आणि आमच्या बोलण्यात ते खाणंही नाही आणि पिणंही नाही. जेवला का म्हणतात, पेला संपवला का म्हणतात, पण याला अंगावर घेणं म्हणतात. अंगावर घेतलं म्हणजे जवळ घेतलं, एवढंच. शब्दच वेगळा. उजाडल्यापासून मी स्वतःला हेच सांगतेय की मी खोटं बोलले नाही, त्यांनी विचारलं त्याचं उत्तर दिलं. सिस्टरांना सांगताना वाटलं, खरंच की. त्या दुसऱ्या सिस्टरांना सांगताना जरा कमी वाटलं. तुम्ही विचारलंत तेव्हा — मला कळत होतं. शब्दाच्या आड जाऊन बसले होते. ही शाल जरा बाजूला करते आता. बघा. पुढून सगळं ओलं आहे, म्हणून काढत नव्हते.

किती वाजता ते नाही सांगता येणार, उजेड फुटत होता. हे आले ना, यांनी बेल वाजवली. किल्ली आहे यांच्याकडं, कितीदा सांगितलं बेल वाजवू नका, तरी वाजवली, आणि मन्या उठला. तहान लागली होती. कपाटावरची बाटली बरोबर दिसली त्याला. मी नाही म्हटलं, तर त्यानं तोंड उघडलं — तुम्हाला मुलं आहेत का? असतील तर माहीत असेल, आधी आवाज येत नाही, नुसतं तोंड उघडं राहतं, श्वास आत ओढला जातो, आणि मग येतो तो. त्या मधल्या वेळात माझा हात त्याच्या जांघेवर गेला, आपोआप जातो आता, आणि बोटांना गाठ लागली. येत होती ती. फुगत होती बोटांखाली. तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, रडू द्यायचं नाही, अडकेल. चष्मेवाले डॉक्टर म्हणाले होते, तोंडात काही घालायचं नाही. दोघंही याच हॉस्पिटलातले. मी अंधारात भिंतीकडं तोंड करून त्याला घेतलं. दोन घोटांत गप्प. गाठ आत. हे पायातले बूट काढत होते तेवढ्यात सगळं झालं. म्हणाले, बघ, बापाला बघून कसा शांत झाला.

नाही, रोजचंच आहे ते. म्हणजे — हो, रोजचं. आता सांगतेच सगळं. सुटलं होतं खरं म्हणजे. आईंनीच सोडवलं. कसलंसं कडू औषध दिलं लावायला, मन्या तोंड लावायचा आणि असा बघायचा माझ्याकडं, जसं काही मी फसवलं त्याला. मग बघूनच तोंड फिरवायला लागला. आईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, सुटलं एकदाचं. नणंदेनं तर टाळ्या वाजवल्या फोनवर. आणि त्या महिन्यातच गाठ आली. आई तेव्हा काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, वर्षाचा झाल्यावर सोडायचं ते दोन वर्षं ओढलंस, पोराचा आतून पार चिखल केलास, त्याचंच हे. माझ्या दुधानं गाठ आली म्हणे. आणि मग ती अडकली, आणि मोठे डॉक्टर म्हणाले, रडू देऊ नका. त्या रात्री तो कशानंच राहीना, तेव्हा मी न्हाणीत गेले, कडी लावली, साबणानं खसाखसा धुतलं ते कडू, नळ सोडला मोठा, आणि घेतलं त्याला. तेव्हापासून तसंच चाललंय. नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही. घरात म्हणतात, हिला आंघोळीला जगाचा वेळ लागतो. नळ सुरू झाला की मन्या आता हसतो, मॅडम, कुठलाही नळ. मला भीती वाटते, एक दिवस आई भांडी घासायला घेतील आणि हा त्यांच्यासमोर माझ्या गळ्याला हात घालेल.

जन्मतःच असते ती? दुधाचा काही संबंध नाही? काहीच नाही? पोटातच असताना एक वाट बंद व्हायची राहून जाते. राहून गेली. म्हणजे मी जे काही केलं ते — परत एकदा सांगता का हे, आई आल्यावर? नको, नका सांगू. मग त्या विचारतील ना, हा विषय निघाला कसा.

आता आजचं गेलं. गेलंच ना? परत घरी. परत बस. परत यांची रजा, परत नळ. सांगा ना, रागवा ना जरा, तुम्ही अशा शांत का उभ्या आहात. — नाही गेलं? आजच? चार तास व्हायला हवेत, अंगावरच्याला चार तास. म्हणजे मधे दुसऱ्यांची घेणार, आणि याला दुपारी. फक्त क्रम बदलायचा. एवढंच होतं? मी इथं आल्यापासून त्या खिडकीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, आणि एवढंच होतं. पाण्याचे दोन-चार घोट पण देता येतील म्हणता, थोडा वेळ तरी, साधं पाणी. तुम्ही सांगाल तेव्हा बंद. कळलं. सही परत करायची? आणि काय हो, मी सांगितलं नसतं, तर तुम्हाला कळलं असतं? — नका सांगू. तुमचा चेहरा बघितला.

पण मॅडम, आईंना काय सांगायचं? तुम्ही सांगा ना, मशीन बिघडलं. तुमचं ऐकतील त्या. — खोटं नाही सांगणार तुम्ही. बरं. पण क्रम बदललाय असं सांगाल, का बदलला ते नाही सांगणार. ते खरंच आहे. देवासारख्या भेटलात. मग काही प्रश्नच नाही. क्रम बदलला. आई बडबडतील, हॉस्पिटलला नावं ठेवतील, मी मान हलवेन. सुटले मी.

सुटले कसली. हा उठेल ना आता. इथं खाटेभोवती कठडे, खिडकी चिकटलेली, हा माझ्या मांडीवर, माझ्या अंगाला दुधाचा वास, आणि चार तासांतले किती राहिलेत कुणास ठाऊक. उठला की पहिला हात शालीला घालणार. मी नाही म्हणणार, तो तोंड उघडणार. मला ओळखते ना मी. त्याचं तोंड उघडलं की माझी बोटं जातात गाठीवर, आणि मग मी काय करते ते मलाच कळत नाही. चार वेळा क्रम बदलाल तुम्ही. — दुसऱ्या कुणाकडं द्यायचा? मी दिसले नाही, वास आला नाही तर मागणार नाही? खरं आहे, बाबांकडं नाही मागत. पण ते रांगेतून आले की जिथं टेकतील तिथं झोपतील, रात्रभर गाडी चालवलीय, त्यांच्या हातून पडेल पोर. दुसरं कोण आहे. आईच आहेत. आणि आईंना काय सांगून द्यायचा? आजवर एकदाही मी आपण होऊन दिला नाही याला त्यांच्याकडं, भीतीनं, की मागेल म्हणून.

आणि रडला त्यांच्याजवळ तर? गाठ आली तर?

— इथं रडला तर चालेल?

परत म्हणा ना. रडू दे म्हणता. गाठ आली तर हाक मारायची, तुम्ही आहात, मोठे डॉक्टर आहेत, दाराशीच आहात सगळे. अडकायच्या आत सारता येईल. इथं रडला तर चालेल. तुम्हाला काय सांगू, त्या दुपारपासून कुणी मला हे म्हटलं नाही. मला वाटत होतं, जगात रडायला जागाच नाही या पोराला.

पायऱ्यांवर चपला वाजतात त्या त्यांच्याच. डाव्या पायावर जोर देतात. दार उघडा तुम्ही, मॅडम, आणि जा. नाही, थांबू नका माझ्यासाठी, तुमची माणसं झोपायची आहेत अजून. तेवढं दुपारी याच्या उशाशी तुम्हीच या, चष्मेवाल्यांना नका पाठवू. आणि नाकाखाली बोट धरून बघा, मशीन असलं तरी. जा.

आलात, आई? चहा ठेवा खाली. नाही, मला नको, ठेवा तिथं. हो, नाही नेला अजून, क्रम बदललाय. दुपारी. ओरडू नका, मॅडमनी नाही बदलला. हात पुसा आधी, ओले आहेत. इकडं या, इथं बसा, भिंतीला टेकून, आणि मांडी घाला. याला घ्या तुमच्याकडं. उठेल, हो. रडेल पण. रडू दे, इथं चालतं. दुपारपर्यंत माझ्याजवळ देऊ नका, मी मागितला तरी देऊ नका, मी बाहेर बाकावर बसते. का म्हणून? — त्याची मूठ सोडवा शालीतून, हळू, एकेक बोट — सांगते, आई. आधी घ्या.